तलावाला ओहोटी

आमच्या आदिवासी जमातीच्या कॅसिनोत खेळायला येणारे बहुतेक पाहुणे सिअ‍ॅटलचे. पण सकाळच्या वेळी कॅसिनोच्या हॉटेलातला पोहण्याचा तलाव आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांचा असतो. गुडघा, कंबर, मणका, जिचं जे दुखतं ते घेऊन ती कोमट पाण्यात उतरते. व्यायाम थोडा, गप्पाच जास्त. पंप, बॉयलर, फिल्टर ही कामं माझ्याकडे असल्यामुळे टोमणेही माझ्याच वाट्याला येतात.

"डेल्मर, पाणी कमी केलंस का रे?" आयोना मावशीनं एक दिवस विचारलं. माझ्या आईची ही धाकटी बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. "काल छातीपर्यंत होतं, आज कमरेला लागतंय."

"तूच उंच झाली असशील, मावशी."

"मग माझ्यासाठी एखादा उंच नवरा बघ!"

बायका खिदळल्या. मी वाकून पाहिलं. काठाच्या फरशीवर ओली रेघ दिसत होती, आणि पाणी तिच्या चांगलं हातभर खाली होतं. कुठंतरी गळतंय, असं मला वाटलं. दुपारी हत्यारं घेऊन आलो तेव्हा पाणी परत काठाला लागलेलं. नळ बंद होता. मीटरचा काटा हलला नव्हता.

दुसऱ्या दिवशीही तेच, फक्त थोडं उशिरा. तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा. एकदा असाच काठावर बसलो असताना काचेच्या भिंतीतून बाहेर लक्ष गेलं. खाडीचं पाणी उतरलं होतं, काळे खडक उघडे पडले होते. मी तलावात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. क्लोरीनचा वास कुठंच नव्हता. वास होता चिखलाचा आणि उन्हात सडणाऱ्या शेवाळाचा.

रोशेल माझी चुलतबहीण, हॉटेल तीच चालवते. तिला सांगितलं.

"समुद्र आत शिरत असेल. भरावावरच तर बांधलंय सगळं," ती म्हणाली. "भेग शोध आणि बुजव. आणि गावभर करू नकोस. तलाव बंद पडला तर नवीन खोल्यांत कोण राहणार? दवाखाना याच्या कमाईवरच चालतो आपला."

भेग सापडली नाही. मी पाण्यात डोकं घालून फरशीन् फरशी चाचपली.

जूनमधली मोठी ओहोटी आमच्याकडे भर दुपारी येते. त्या दिवशी मी तलावाला कुलूप लावलं आणि एकटाच आत बसून राहिलो. पाणी उतरू लागलं. आवाज नाही, भोवरा नाही. निळ्या फरशा एकेक करून उघड्या पडत गेल्या आणि अर्ध्यावर संपल्याच. त्याखाली वाळू होती. करडी, ओली, लाटांच्या वळ्या उमटलेली. मधूनच पाण्याची बारीक पिचकारी उडत होती. वाळूत दडलेले शिंपले, तिसऱ्या.

"इथंच," मागून मावशी म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारानं आली होती. पायात गमबूट, एका हातात काठी, दुसऱ्यात बादली आणि दाताळं.

"भराव घालायच्या आधी आई आम्हाला इथंच आणायची."

"मावशी, उतरू नकोस. खाली काय झालंय ते मला कळत नाहीये."

"तुला कळेपर्यंत भरती येईल." तिनं काठी माझ्या हातात दिली. "धर. आणि तोंड मिटून उभा राहा."

दोन्ही हातांनी कठडा धरत ती खाली गेली. आधी जवळच उकरत होती. बादलीत तिसऱ्या खडखडत पडत होत्या. मग ती पुढं सरकली. आणखी पुढं. खोल बाजूची भिंत आता यायला हवी होती. मावशी चालतच राहिली, आणि लहान होत गेली.

माझ्या अंगाला वारा लागत नव्हता. तिचा रुमाल मात्र फडफडत होता.

"मावशी!"

"अगं बाई, केवढ्या आहेत इथं!" आवाज फार लांबून आला. मग ती आमच्या जुन्या भाषेत बोलू लागली. आजी गेल्यापासून ती भाषा तिच्या तोंडून मी ऐकली नव्हती. मध्येच थांबत होती, हसत होती. कुणीतरी उत्तर देत असावं तशी.

वाळूवर पाण्याचा पातळ पडदा सरकू लागला.

मी धावत उतरलो. पाणी बर्फासारखं गार. गुडघ्याला लागलं, मग छातीला. मी हाका मारत होतो.

पायाखाली फरशी लागली. समोर भिंत होती. तलाव काठोकाठ भरला होता.

"कपड्यांसकट कसला उतरलास?"

पलीकडच्या पायऱ्यांवर मावशी उभी होती. बादली भरलेली, केस कोरडे. काठी न घेताच ती झपझप स्वयंपाकघराकडे निघून गेली.

तेव्हापासून तिचा गुडघा दुखत नाही. भूक वाढली आहे. बायकांना तिचा हेवा वाटतो. ती चिडवते तशीच, हसते तशीच. जेवताना मी तिच्याकडे बघत राहतो आणि माझा घास तसाच हातात राहतो. तलावावर ती येते, पण काठावरच बसते. पाण्यात पाय घालत नाही.

पाणी पुन्हा कधी उतरलं नाही. खारटपणाही गेला. मला मात्र चैन पडेना. शेवटी भेगेचं निमित्त सांगून मी रोशेलकडून परवानगी काढली, तलाव रिकामा केला आणि खोल बाजूचा स्लॅब फोडला.

स्लॅब भक्कम होता. खाली भराव असायला हवा होता. पोकळी होती.

मी पालथा पडून टॉर्च आत घातला. उजेड पोचेल तिथवर ओली वाळू. तिच्यावर गमबुटांचे ठसे, लहान, खोल रुतलेले, खाडीच्या दिशेनं गेलेले. मी टॉर्च सगळीकडे फिरवला. पुन्हा फिरवला.

परतीचा ठसा एकही नव्हता.

"सापडलं का रे काही?"

मावशी रिकाम्या तलावात उतरून माझ्यामागे उभी होती.

"नाही," मी म्हणालो.

"मग चल, जेवण निवतंय."

मला उठवायला तिनं हात पुढं केला. मी तो धरला. तिच्या बोटांची टोकं पांढरीफटक आणि चुरमडलेली होती, खूप वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी.