सातव्या प्रश्नाचे उत्तर

धोंडाबाई मार्गासनीहून चालत आली ती थेट आनंदरावांच्या ओसरीवर. पाणी पुढे केले, तर तिने तांब्याला हात लावला नाही.

“माज्या सोनबाला धरलंय,” ती म्हणाली. “उद्या न्यायाधीशापुढं उभा करत्यात. म्हनं दवाखान्यातलं विजेचं इंजन चालू करून त्यानं संगं काम करनाऱ्या गेणूचा जीव घेतला.”

आनंदराव हे भोरमधले एकमेव खासगी तपासनीस. दुसरे कुणी व्हायला तयार नव्हते. त्यांच्या शेजारी रखमाजी बसला होता. पोलिसातून पेन्शनीत निघालेला, पण संशय घेण्याची सवय न सुटलेला.

“घेतला का?” रखमाजीने विचारले.

“बाजारात मेंढ्यावरनं भांडली व्हती दोगं, ते खरं. पर माजी पत्रं गेणूच त्याला वाचून दावायचा. त्याला कशापायी मारंल?”

आनंदरावांनी टोपी घातली.

दवाखाना पेठेच्या टोकाला होता. खासगी होता, पण क्ष-किरणांचे यंत्र असल्यामुळे लोक त्याला सरकारी समजून घाबरत. एकेचाळीस साल होते. माणसाच्या हाडांचा फोटो काढणाऱ्या साहाय्यकाने परीक्षा देऊन परवाना घ्यावा, असा नवा नियम निघाला होता. जनावरांचे हाड बसवणाऱ्याला तो लागू नव्हता.

“एका यंत्राला एकच परवाना,” डॉक्टर म्हणाले. “गेणू आणि कोंडिबा दोघेही पास झाले. कोंडिबा पहिला आला. पण हात गेणूचा चांगला. येत्या सोमवारी मी गेणूचं नाव धाडणार होतो, आणि शुक्रवारी हे झालं.”

“ठाऊक होतं कोंडिबाला?”

“मीच सांगितलं. गुरुवारी.”

यंत्राच्या खोलीत जळक्या रबराचा वास अजून होता. छताखालून दोन उघड्या तारा गेल्या होत्या. तिसरी पडद्यामागे सुटून लोंबत होती, माणसाच्या मानेइतक्या उंचीवर. रखमाजी आपोआप खाली वाकला.

“चार वाजता पडद्यावर रोगी तपासायचा होता,” डॉक्टर म्हणाले. “त्याआधी वीस मिनिटं लाल काचांचा चष्मा घालून बसावं लागतं. नाहीतर अंधारात पडद्यावरचं अंधुक चित्र डोळ्यांना दिसत नाही. त्या लोंबत्या तारेचा झटका बसून गेणू पडला, तेव्हा चष्मा त्याच्या डोळ्यांवरच होता.”

दाराशी पांढऱ्या रंगाची फळी होती. यंत्र सुरू करण्याआधी ती वाचायची, असा नियम. फळीवर ठसठशीत लाल पेन्सिलीने लिहिले होते: ‘तार सुटली आहे. यंत्र चालवू नये. कोंडिबा.’ शेजारी सुतळीला काळी पेन्सिल बांधलेली होती.

कोंडिबा आला. इस्त्रीचा कोट, खिशाला लाल पेन्सिल.

“दुपारी तार सुटलेली दिसली. लगेच सूचना लिहिली,” तो म्हणाला. “सोनबालाही बजावलं. नियमाप्रमाणे जे करायचं ते सगळं केलं.”

“मग गेणूने वाचलं नाही?”

“धनगराचं पोर. वाचणार काय?”

“परीक्षा पास झाला होता म्हणे.”

“काठावर,” कोंडिबाने दुरुस्ती केली. “ब्याण्णव मला मिळाले.”

पुरावा भिंतीवरच होता. लोक देवाची तसबीर लावतात तिथे कोंडिबाने आपली उत्तरपत्रिका काचेत मढवून लावली होती. आनंदराव सातव्या प्रश्नापाशी इतका वेळ उभे राहिले की रखमाजीने दोन जांभया दिल्या.

कोठडीत सोनबा गुडघ्यांत डोके घालून बसला होता.

“मला कोनी कायबी सांगितलं न्हाई,” तो म्हणाला. “आतनं घंटी वाजली, म्या इंजन चालू केलं. रोज तसंच करतो. मग लाइट बारीक झाली, आन् आतनं आवाजच आला न्हाई. हाक मारली, तरी न्हाई.”

“घंटी कुणी वाजवली?”

“गेणूनंच. त्याची दोनदा असती.”

बाहेर आल्यावर रखमाजी म्हणाला, “हा खोटं बोलतोय. सूचना समद्यांनी वाचली. डाक्टरांनी वाचली, म्या वाचली.”

“गेणूने सोडून सगळ्यांनी,” आनंदराव म्हणाले. “गडबड तिथंच आहे.”

संध्याकाळी सगळे यंत्राच्या खोलीत जमले. धोंडाबाई दाराशी उभी राहिली. आत यायला तिने नकार दिला, आणि तिला कुणी आग्रह केला नाही.

“रखमाजी, तो चष्मा घाला. फळीवर काय लिहिलंय ते वाचा.”

रखमाजीने चष्मा चढवला. फळीपाशी गेला. मान वाकडी करून पाहिले, सरळ करून पाहिले.

“कोरी हाय.”

रखमाजीने चष्मा काढला, आणि दोन पावले मागे सरकला.

“लाल काचेतून पांढरंही लाल दिसतं आणि लालही लाल,” आनंदराव म्हणाले. “काळं मात्र काळंच राहतं. गेणूने नियमाप्रमाणे फळी पाहिली. कोरी होती, म्हणून घंटी वाजवली. सुतळीची काळी पेन्सिल हाताशी होती, कोंडिबा. तरी लाल पेन्सिल का घेतली?”

“धोक्याची सूचना लाल असते,” कोंडिबा म्हणाला. “त्यातून असं होईल हे मला काय ठाऊक?”

“बरोबर. कुणालाही ठाऊक नसतं.” आनंदरावांनी भिंतीवरच्या चौकटीकडे हात केला. “हा पेपर तुमचाच ना? लोक म्हणतात, कुणीतरी लिहून दिला.”

कोंडिबाचे कान तापले. “कोण म्हणतं? अक्षर न् अक्षर माझं आहे.”

“डॉक्टर, सातवं उत्तर वाचता?”

डॉक्टर जवळ गेले. त्यांचा आवाज हळूहळू खाली गेला. “‘लाल चष्मा लावलेल्या इसमास पांढऱ्यावरील लाल लिखाण दिसत नाही. सबब सूचना काळ्या पेन्सिलीने लिहावी.’ दहापैकी दहा.”

कोंडिबाने चौकटीकडे पाहिले. उत्तर आपले नव्हे म्हणावे तर परवाना गेला. आपले म्हणून तर तो नुकताच बसला होता.

“तार आपोआप सुटली की सोडवली, ते न्यायाधीशांपुढे सांगा,” आनंदराव म्हणाले. “चार वाजता कोण चष्मा घालून येणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. खून नियमाप्रमाणेच झाला. वर तुमची सहीही आहे.”

रखमाजीने पुराव्यासाठी चौकट भिंतीवरून उतरवली. मागची भिंत पांढरी आणि कोरी होती.

“आनि माजा सोनबा?” धोंडाबाईने दारातून विचारले.

“आज सुटेल.”

ती कोंडिबाच्या इस्त्रीच्या कोटाकडे बघत राहिली.

“सरकारनं यालाच शाना म्हणून लिवून दिलं व्हतं न्हवं?” ती म्हणाली. “माजा लेक अडाणी हाय, ते बरं हाय.”

मग तिने पाणी मागितले.