नेऊ नकोस

खाली चष्म्याचं दुकान आणि वर राहायची जागा, अशा त्या घरात दोघी बहिणी राहायच्या. थोरलीला सगळी गल्ली ताई म्हणायची. काचा घासणं, फ्रेमचे ढिले स्क्रू आवळणं, चष्मा नाकावर नीट बसेपर्यंत म्हाताऱ्यांची कुरकुर ऐकून घेणं, हे सगळं ती बघायची. धाकटी काउंटरवर बसून गिऱ्हाइकांची फिरकी घ्यायची. "घ्या, पण बायको नीट दिसायला लागेल. विचार करा," असं ती तोंडावर सांगायची, आणि माणूस हसत हसत चष्मा घेऊन जायचा.

मग धाकटीच्या हाडांत दुखणं शिरलं. हॉस्पिटलने हात टेकले आणि तिला घरी पाठवलं. आईवडील कधीच गेलेले. ताईला जगात ही एवढी एकच. ती रोज पलंगाशी गुडघे टेकायची. प्रार्थनेत ताई भारी हट्टी होती. प्रभूची प्रार्थना म्हणताना 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे शब्द जवळ आले की तिची जीभ अडखळायची. मग ती तेवढेच शब्द गाळून पुढे जायची.

एका रविवारी ती चर्चमधून परतली तेव्हा धाकटीचा श्वास तुटायला लागला होता. दोन श्वासांमधली जागा वाढत गेली, आणि मग पुढचा श्वास आलाच नाही. ताईने तिचा हात घट्ट धरला. "प्रभू, हिला नेऊ नकोस. बरी नाही केलीस तरी चालेल. बाकी काही मागत नाही. फक्त नेऊ नकोस." हेच ती किती वेळ म्हणत होती कोण जाणे. जमिनीवरचं ऊन सरकत सरकत भिंतीवर चढलं.

"ताई, हात सोड ना," धाकटी म्हणाली. "बोटं मोडशील माझी."

ताई हसली, रडली, तिच्या कपाळाचे मुके घेत राहिली. कपाळ गार होतं. दुपार उतरल्यामुळे असेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

सकाळी नेहमीच्या नर्सबाई इंजेक्शन द्यायला आल्या. औषध आत गेलं, पण पसरेना. कातडीखाली वाटाण्याएवढी गाठ होऊन तिथेच बसलं. नर्सबाईंनी मनगट धरलं, मग मान चाचपली, आणि सामान आवरलं. "डॉक्टरांना पाठवते," एवढंच दारातून म्हणाल्या.

डॉक्टर छातीवर नळी ठेवून बराच वेळ ऐकत राहिले.

"काही ऐकू आलं तर मलाही सांगा," धाकटी म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. नळी बॅगेत टाकून ते गेले, ते पुन्हा त्या गल्लीत फिरकले नाहीत.

आता कुठलंच औषध धाकटीला लागू पडत नव्हतं. दुखणं मात्र होतं तसंच होतं. हाडांतून कळ निघाली की ती उशी दातांत धरायची. तिला घाम येत नसे, डोळ्यांत पाणीही येत नसे. एकदा ताईने घासलेली काच खालून आणली आणि तिच्या तोंडाशी धरली. "फुंकर घाल."

धाकटीने तोंड उघडून जोरात फुंकर घातली. काच स्वच्छ राहिली.

"मला माहीत होतं गं," धाकटी म्हणाली. "तुला कसं सांगावं ते सुचत नव्हतं. आता पुरे कर, ताई. सोड मला."

"मी कुठे धरून ठेवलंय?"

"मग कोणी?"

ताई चर्चच्या म्हाताऱ्या पाळकांना घेऊन आली. दोघींचा बाप्तिस्मा त्यांनीच केला होता. त्यांनी धाकटीच्या कपाळावर हात ठेवला, प्रार्थना सुरू केली, आणि अर्ध्या वाक्यावर हात काढून घेतला. जिन्यात येऊन त्यांनी मागे दार ओढून घेतलं.

"काय मागितलं होतंस?"

ताईने शब्द न शब्द सांगितला.

"ते तर दिलं त्याने."

"पाळकसाहेब, आता ते परत कसं करू?"

त्यांनी जिन्याचा कठडा धरला. "मी जन्मभर लोकांना मागायला शिकवलं," ते म्हणाले. "परत करायला कोणी आलंच नव्हतं."

ते गेल्यावर ताईने गुडघे टेकले. गाळलेले शब्द पहिल्यांदाच उच्चारले. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. ने हिला." अगदी जिवाच्या आकांताने म्हणाली. धाकटीने डोळे मिटून घेतले. खोली गप्प झाली.

मग पलंगाच्या पलीकडून, जिथे भिंतीमुळे माणूस बसणं शक्य नव्हतं तिथून, आवाज आला.

"नेऊ नकोस. फक्त नेऊ नकोस."

ताईचाच आवाज. त्या रविवारी होता तसाच चिरका, घाईतला.

"ते तेव्हापासून चालूच आहे," धाकटी डोळे न उघडता म्हणाली. "मला वाटलं, तुला ऐकू येतंय."

त्यानंतर ताईला तो सतत ऐकू येत राहिला. महिने गेले. धाकटीची कातडी हाडांना चिकटली, ओठ आत ओढले गेले. बोलणं मात्र तिचंच राहिलं, आणि कण्हणंही. ताईने त्या खोलीला जाड पडदे लावले. वर कोणाला येऊ देईना.

एके दिवशी दुकानात वाकताना ताईच्या मांडीत कळ उठली, ती पार टाचेपर्यंत गेली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर तपासण्यांचे फोटो उजेडाला धरून जे बोलले, ते तिने आधी एकदा ऐकलेलंच होतं. घरी येताना तिला हलकं वाटलं. कशालाही शेवट असतो, हे ती जवळजवळ विसरली होती.

ती पलंगावर टेकली आणि तिने धाकटीला सगळं सांगितलं. "मी पुढे जाते. तिथे कोणाशी बोलता आलं तर तुझं काम आधी करते."

धाकटीने मान तिच्याकडे वळवली.

"मला अशी इथे ठेवून?" तिने विचारलं.

"थोडेच दिवस."

पांघरुणातून तो वाळका हात बाहेर आला आणि ताईच्या बोटांत अडकला. त्यात एवढी ताकद कुठून आली, कळेना.

"नको," ताई म्हणाली. "अगं, नको. माझी बाई, नको."

धाकटीचे ओठ हलायला लागले होते.

भिंतीकडचा आवाज थांबला. ऐकत असावा.