एस्सीमावशीच्या चुलीपुढची राख

सलगमाचे कंदील बाहेर ओट्यावरच राहू द्या रे. आत नकोत. जळक्या सलगमाचा वास एकदा घरात शिरला की नाताळपर्यंत हटत नाही, आणि मग तुमच्या काकूपुढे मलाच उभं राहावं लागतं. बसा. टॉफी घ्या. गाणं यंदा अगदीच बेसूर झालं, तोंडावर सांगतो. हॉप-टू-ना सणाचं गाणं म्हणायला दारोदार फिरायचं आणि डोकं फोनमध्ये घालायचं, हे काय गाणं झालं?

काय म्हणालास ऑर्री? माळ्यावर उंदीर? अरे गाढवा, लांबशेपट्या म्हण! तुझा आजा बोटीवर तो शब्द काढणाऱ्याला समुद्रात ढकलायला निघायचा. आजच्या रात्री तरी जीभ आवर.

आणि तू काय दाखवतेस, किरी? आण इकडे. हां. चुलीपुढची राख, आणि राखेत तान्ह्या पोराचं पाऊल. आपल्याच डॅल्बी गावचा फोटो हा. समोर ते बंद घर आहे ना, तिथला. आणि खोटा आहे. जिने काढला तिनेच तसं कबूल केलंय.

मग सगळंच खोटं का, म्हणतेस?

दिवा जरा बारीक कर. सांगतो.

ब्रीशा कॉस्टेन तुम्हाला माहीत आहे ती पुस्तकांमुळे. ड्रॅगन, समुद्रातल्या राण्या, बोलणारी झाडं. मी तिला शेंबडी होती तेव्हापासून ओळखतो. बाप नाही, आई पीलला हेरिंग मासळीच्या धुरीखान्यात कामाला. पोर वाढली ती समोर, एस्सी क्रेगीनच्या स्वयंपाकघरात. एस्सीमावशीने तिला बॉनॅगचा गरम पाव लोणी लावून भरवला आणि त्याच्याबरोबर गोष्टी भरवल्या. धुक्याची शाल पांघरणारा समुद्रदेव मॅनॅनन म्हणू नका, पुलाखाली राहणारी ती मंडळी म्हणू नका. आज ब्रीशाच्या पुस्तकात जे काही आहे, ते त्या चुलीपुढचं.

मावशीला स्वतःचा एकच मुलगा होता, फिनलो. नऊ वर्षांचा असताना नायर्बिलच्या खडकांवरून समुद्रात गेला. सापडलाच नाही. ब्रीशा तेव्हा जन्मली पण नव्हती.

तेव्हापासून दर हॉप-टू-नाला, ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री, मावशी चूल विझवायची, पुढच्या फरशीवर राख पसरून हाताने सारखी करायची आणि शेजारी एक लहान खुर्ची ठेवायची. सकाळी राखेत पाऊल दिसलं आणि त्याची बोटं दाराकडे असली तर घरातलं कुणी जाणार, आत असली तर कुणी येणार. हे तुमच्या आज्यांनाही ठाऊक होतं. मावशीला मात्र बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं. ती एकाच पावलाची वाट बघायची.

ब्रीशाची पहिली दोन पुस्तकं सपशेल पडली. प्रकाशक हात झटकायच्या बेतात. ती दर शरदात आपल्या वाचकांसाठी एक लेख लिहायची. पानगळ, जुने देव, लोककथा, या दिवसांत लिहिणाऱ्याच्या मनात काय काय येतं, असलं सगळं. वाचणार कोण? मी आणि काकू, ते पण शेजारधर्म म्हणून. त्या वर्षी ती मावशीकडे मुक्कामाला आली आणि म्हणाली, "मावशी, यंदा तुझ्या या ख्रिस्तापूर्वीच्या, पेगन प्रथेवर लिहिणार आहे."

"पेगन कुणाला म्हणतेस गं भवाने?" मावशी म्हणाली. "दर रविवारी चॅपलला जाते मी. आणि ही प्रथाबिथा नाही. माझा फिनलो आहे."

ब्रीशा रात्री चुलीजवळच्या बाकावर झोपली. सकाळी मावशीच्या आधी उठली. राख कोरी होती. कोऱ्या राखेचा फोटो कोण बघणार? धुकं धरलेल्या काचेवर मूठ टेकवून तुम्ही तान्ह्याचं पाऊल काढता ना, वर बोटाने पाच ठिपके? तेच तिने केलं. बोटं आत. फोटो घेतला. आता राख पुन्हा सारखी करणार, इतक्यात जिन्यावर मावशी उभी.

मावशीने बघितलं. खाली बसली. तोंडाला एप्रन लावून ढसाढसा रडली.

सांगायचं ते तेव्हाच सांगायचं होतं. "मावशी, मी केलं, चुकले." एवढंच. ब्रीशाने ते सांगितलं नाही. लेख मात्र लिहून झाला. तो हा हा म्हणता जगभर गेला, पुढचं पुस्तक हातोहात खपलं, आणि परक्या गाड्या आपल्या गल्लीत येऊन थांबू लागल्या. लोक मावशीच्या अर्ध्या दारावरून आत डोकावायचे. ही ब्रीशा इथे कधी फिरकली तर मान खाली. मावशी कुणाला काही बोलली नाही. दर शरदात ब्रीशाला फोन करायची, "येतेस ना राखेला?" ब्रीशाला दर वर्षी काहीतरी काम निघायचं.

तिनेच मला सांगितलंय, की वाचक ते पाऊल दाखवून डोळे पुसायचे तेव्हा तिला जमिनीने पोटात घ्यावं असं व्हायचं. आणि ती सही करून द्यायची.

आता मागच्या वर्षीचं ऐका. हॉप-टू-ना शुक्रवारी होता. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केलेली, त्यामुळे पाचलाच काळोख. मावशी वसंतापासून अंथरुणाला खिळलेली, वरच्या खोलीत. पाऊल जमिनीला लागलं नव्हतं तिचं. सकाळी तिने ब्रीशाला फोन केला. "मला वाकता येत नाही. राख तूच पसर यंदा. येताना पेपरमिंटच्या गोळ्या आण आणि गरम पाण्याची नवी पिशवी. जुनी गळते."

या वेळी ब्रीशा आली. डग्लसहून निघाली, पीलला थांबून गोळ्या आणि पिशवी घेतली, दोन हेरिंग घेतले. सगळ्या रस्त्यात तिने एकच वाक्य घोकलं. आज सांगायचं.

बटाटे आणि हेरिंग झाले. मग मावशी म्हणाली, "पाय बर्फ झालेत गं." ब्रीशाने घमेल्यात कोमट पाणी आणलं, साबण आणला, म्हातारीचे पाय मांडीवर घेऊन धुतले. पुसले. बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या केल्या. तळवे पांढरेशुभ्र, लहान मुलासारखे. चालणं कुठे होतं त्यांना?

"मावशी, तुला एक सांगायचंय."

"सांग की."

ब्रीशाने घमेलं उगाच बाजूला सरकवलं.

"अगं बोल."

"पाणी फार गरम नव्हतं ना?"

मावशीने तिच्याकडे बघितलं. "नाही," म्हणाली. "बरं होतं." आणि थोड्या वेळाने, "यंदाची ही राख माझी शेवटची. तो आला तर बरं वाटेल मला."

ब्रीशाने पिशवी पायाशी सरकवली, पांघरूण खोचलं, खाली आली. चूल विझवली. राख पसरली. सारखी केली. लहान खुर्ची ठेवली. बाकावर पडली.

झोप कसली येते! म्हातारी चाललीय. सांगून तिच्या जीवाला घोर कशाला लावायचा? त्यापेक्षा आणखी एक पाऊल... सुखाने तरी जाईल. दया म्हणे! अरे, लाज झाकायची होती तिला, दुसरं काय? हे तीच म्हणाली मला, माझे शब्द नाहीत.

दोनच्या सुमारास ती उठली. दिवा लावला नाही. चुलीपुढे गुडघे टेकले. मूठ आवळली.

खुर्ची करकरली.

लहान खुर्ची.

तिने श्वास धरला. ऐकलं... काही नाही. वरून मावशीचा श्वास. बाहेर समुद्र.

मग वास आला. ओल्या शेवाळाचा. दार बंद. खिडक्या बंद. वास मात्र... शेजारून.

भास असेल. तिने मूठ खाली नेली. राखेच्या अगदी जवळ...

मनगट धरलं कुणीतरी.

थंड. ओलं. हात लहान होता... घट्ट नाही धरलं. ओढलं नाही. नुसतं धरलं. लहान पोर चुकीचं काही करत असलं की आपण धरतो ना... तसं.

आणि मग हात सुटला.

जिना ती कशी चढली, तिला आठवत नाही. मावशीच्या पलंगापाशी जाऊन कोसळली आणि एका दमात सगळं ओकली. "ते पाऊल मी केलं होतं मावशी, माझ्या मुठीने केलं, फोटोसाठी केलं, आणि आत्ता पुन्हा करत होते..."

अंधार.

"मावशी..."

"माहीत आहे."

ब्रीशाने मान वर केली.

"नऊ वर्षांचा घोडा होता माझा फिनलो. तू तान्ह्याचं पाऊल काढलंस. आईला एवढं कळत नाही होय?"

"मग रडलीस का गं तेव्हा?"

"तुझ्यापायी रडले. माझ्या हातचं खाऊन वाढलेली पोर माझ्याच चुलीपुढे मला फसवते, म्हणून."

"मग दर वर्षी बोलवायचीस कशाला?"

"सांगशील म्हणून. आणखी कशाला? इतका वेळ लावतात का?"

मावशीने थोबाडीत मारली असती तर बरं, असं वाटलं ब्रीशाला. मारली नाही. हात पुढे केला. तो हात धरून ब्रीशा पलंगाशी जमिनीवर बसली ती उजाडेपर्यंत. तिचा डोळा लागला नाही आणि हात सुटला नाही, हे ती शपथेवर सांगते.

उजाडलं तशी मावशी म्हणाली, "जा. बघून ये. आणि जे असेल तेच सांग मला."

ब्रीशा खाली गेली. राख सपाट. रेघसुद्धा नाही. जशी पसरली तशी.

ती जिन्यात थांबली. कितीतरी वेळ थांबली. 'पाऊल आहे' एवढं म्हटलं की झालं. वरून मावशी खाली येऊन थोडीच बघणार होती? काय सांगू पोरांनो, इतकं सगळं होऊनही तेच शब्द तिच्या जिभेवर आले होते. हे सांगताना ती माझ्याकडे बघू शकली नाही. चुलीकडे बघून बोलली.

वर जाऊन म्हणाली, "काही नाही, मावशी. राख तशीच आहे."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता तुझा भरवसा वाटतो मला." आणि डोळे मिटले. "पाय गार पडलेत गं."

ब्रीशा विजेच्या किटलीत पाणी तापवायला खाली गेली. परत आली तोवर मावशी गेली होती.

ती तशीच अनवाणी धावत आमच्याकडे आली. मी आणि काकू गेलो. आत शिरल्याबरोबर मी चुलीकडे बघितलं, खोटं कशाला बोलू? राख सपाट होती.

ब्रीशाने पुढे तसल्याच एका लेखात सगळं लिहून टाकलं. ते पाऊल माझ्या मुठीचं होतं, म्हणून. लोकांनी शिव्या घातल्या, पुस्तकं परत पाठवली. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. पण एक गोष्ट तिने लिहिली नाही. विचारलं तर म्हणाली, "आता ते मी विकणार नाही, विलीकाका." म्हणून आज मी सांगतोय, आणि फोन खाली ठेव, किरी.

काकूने आंघोळ घालायला घेतली. ब्रीशा उशाशी. मी दारात, गरम पाण्याची बादली धरून. काकूने पायाकडून पांघरूण उचललं...

आणि तशीच राहिली.

मी पुढे झालो.

मावशीचे दोन्ही तळवे करडे होते. टाचेपासून बोटांपर्यंत. बेचक्यांतसुद्धा... राख.

काकूने ब्रीशाकडे बघितलं. ब्रीशाने मान हलवली, नाही म्हणून.

"रात्री मी धुतले होते," ती म्हणाली. "मी पुसले होते हे पाय..."