कोणाकडे आले जी?

लाकडं जवळ सरका रे. गुलाब, तो मोबाईल खाली ठेव. तुमी पोट्टे नेहमी विचारता ना, केवळकाका, तुमी दिवस बुडाल्यावर जुन्या सडकेकडच्या पाण्यात डोंगा काहून नेत नाही म्हणून… तर ऐका. सुगतची गोष्ट आहे. शहापूरचा सुगत, फौजेतून आलेला. माणूस जिवंत आहे. उद्या जाऊन विचारा. सांगणार नाही तो, पण विचारा.

मागच्या साली, धनतेरसच्या आदल्या रोजी, शुक्रवारी, सुगत सासूच्या गोळ्या द्यायले निंगाला. सासू पार्वताबाई पुनर्वसनात राहते. तिचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. तिच्या बीपीच्या गोळ्या सरल्या होत्या, म्हणून रश्मीनं, याच्या बायकोनं, संध्याकाळीच पाठवलं. बस, एवढंच काम. पण याच्या गाडीले मासे धराची छडी बांधलेली राहे नेहमी.

छडी म्हणजे आपल्यासारखी बांबूची नाही. फौजेत हिमाचलात होता, तिथं कोण्या सुभेदारानं याले गरीवर नकली माशी बांधायचं शिकवलं. आपण गरीले गांडूळ लावतो, कणकीची गोळी लावतो. हा काहीच लावे ना. बारीक गरी शिकंज्यात धरे, रेशमाचा धागा गुंडाळे, अन् कोंबड्याच्या मानेचं एक पीस असं फिरवे का त्याचे केस चारी अंगानं उभे राहत. किड्याचे पाय जसे. घरभर पिसं उडत, रश्मी वरडे. याचं ध्यानच नसे. एक रोज त्यानं माझ्या तळहातावर माशी ठेवली. मी फुंकर मारली तिले, उडते का पाहाले! जन्म पाण्यात गेला माझा, तरी फसलो.

"हे फेकतं कसा बे?" मी म्हटलं. "वजन तं काहीच नाही."

"वजन दोराचं राहते, काका. दोर पहिले मागं फेकाचा. मंग थांबाचं. पाठीमागं तो पुरा उलगडला का हाताले हलकीशी ओढ लागते. तवाच पुढं मारायचा. घाई केली का माशी तुटली."

"मागं वळून नाही पाहाचं?"

"नाही. हातालेच समजते."

अन् मासा लागला का हा सोडून द्याचा. मी म्हणो, सोडाचाच आहे तं पकडतं कायले? तो हासे. म्हणे, "पकडासाठीच, काका."

तर त्या रोजी गोळ्या दिल्या, चहा घेतला. पार्वताबाई म्हणे, "अंधार पडते, जवाई, राहा आजची रात." हा राहिला नाही. परत येताना त्याले ती जुनी सडक दिसली. तुमी पाहिली आहे. डांबरी सडक, सीधी पाण्यात उतरते अन् जुन्या गावाकडं जाते. काठावर पळसाची झाडं, दोर मागं फेकला का अटकते. पण सडकेनं पाण्यात आत गेलं का मागं-पुढं सगळं मोकळं. सुगतनं गाडी काठावर लावली, पँट वर केली अन् चालत गेला. पायाखाली पक्कं डांबर. पाणी मांडीपर्यंत.

पहिल्याच फेकीत मरळ आली. पाण्यावर फटका, छडी वाकली, दोर सुटला सर्रकन! बराच वेळ खेळवली त्यानं. ओल्या हातानं धरली, सोडली. असा खूश झाला का दिवस बुडाला हे समजलंच नाही.

मंग म्हणे, एक फेक अजून. शेवटची.

दोर मागं गेला. थांबला हा. ओढ लागली.

पण ओढ सुटेच ना.

जोराची नाही. कोणी दोन बोटात दोर धरावा, तशी. सुगतनं वळून पाहिलं. मागं नुसतं पाणी. झाड नाही, खुंट नाही. दोर पाण्यावर येऊन पडला.

पुन्हा फेकला. पुन्हा कोणी धरला.

आता निंगाव, म्हणे. काठाकडं वळला अन् चालाले लागला. पाणी कमी व्हाले पायजे ना? कमरेले आलं. दिशा चुकली वाटते, म्हणून उलटा फिरला. तिकडंही कमरेच्या वर. सडक तीच. पायाखाली तेच डांबर. पण दोन्ही कडनं उतरतच जाऊन राहिली. काठावरचे पळस दिसेत ना. पुनर्वसनातले लाईट दिसेत ना. खिशातला मोबाईल भिजून मेलेला.

मंग उभा राहिला. जिथं होता तिथंच.

छडी टाकून पोहत जाव म्हटलं… मूठ उघडे ना. दोर पाण्याच्या आत ताणलेला. हळू ओढे. सोडे. ओढे.

अन् जवळूनच बाईचा आवाज आला. साधा. ओसरीवरून पाव्हण्याले विचारतो आपण, तसा.

"कोणाकडे आले जी?"

यानं ओठ घट्ट मिटले.

"कोणाकडे आले?"

…

"बसा ना जी. पाणी आणतो."

पावलं वाजली. पाण्यात नाही, पोट्टेहो. सुक्या जमिनीवर. आत गेली… गडवा भरल्याचा आवाज… बाहेर आली. अन् सुगतच्या छातीले पाणी लागलं.

तो तसाच उभा. ओठ दाबून. रातभर. ती घडीघडी विचारे. पाणी आणे.

…

इकडं रश्मी फोन लावून लावून थकली. आईले विचारलं तं ती म्हणे, कवाचा निंगाला. मंग मले लावला. मी उजाडाच्या आधी डोंगा काढला. काठावर गाडी दिसली. अन् तिच्यासमोर, दगड फेकला तं लागेल एवढ्या अंतरावर, हा उभा. छातीभर पाण्यात. काठाकडं तोंड करून. डोळे उघडे.

"सुगत! अबे, चालत ये ना! काठ समोर आहे तुह्या!"

त्यानं माह्याकडं पाहिलं. एकदम हळू बोलला. "काका… रस्ता नाही."

डोंगा जवळ नेला. बोटं एक एक करून सोडवली मी त्याची. दोर ओढला तं येईना. काहीतरी जड होतं तिकडं. जड, अन् जितं. मी काही पाहिलं नाही. विळ्यानं दोर कापला अन् डोंगा मारला काठाकडं.

हे सगळं त्यानं मले एकदाच सांगितलं, दवाखान्यातून सुट्टी झाली तवा. आता बरा आहे. माशा अजून बांधते, पोट्ट्यांले वाटते. पाण्यात पाय टाकत नाही.

त्या सकाळी काठावर आणला तवा तो थरथर कापत होता. मी त्याचा सदरा काढला, आपला दुपट्टा त्याले गुंडाळला. सदरा पिळाले घेतला अन्… हात थांबला माझा. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधात, एक पंजा उमटला होता. बाईचा. पाची बोटं. पांढऱ्या छुईचा. दिवाळीले भिंती पोततो ना आपण, ती छुईमाती.

ढकलत होती का धरून ठेवत होती, मले आजही समजत नाही.

मी बोट लावून पाहिलं. ओलीच होती.