ताडपत्रीची गाठ

बसा जवळ. अक्षय, तो मोबाईल बंद कर आधी. लाईट गेली म्हणून अंधार काही तुला खात नाही. गोष्ट आपल्याच पांढरकवड्यातली, मागच्या गल्लीतल्या नागोरावची, त्या ट्रकवाल्याची. त्याने स्वतः मला सांगितलेली. खोटी वाटली तर सकाळी त्याच्या अंगणातलं घमेलं बघून या.

नागोराव माणूस साधा, पण गाठ मारण्यात पक्का. त्याने ताडपत्रीला मारलेली गाठ कितीही वारा येवो, सुटायची नाही. त्याची माय तुळसाबाई श्रावणात गेली. म्हातारीने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. "मेल्यावर तरी नदीसंगं जाईन म्हन्तो समुद्राले," असं हसत म्हणायची. राख सावडली त्याच दिवशी नागोरावला माल घेऊन निघायचं होतं. पाटणबोरीच्या पुढे पैनगंगेच्या पुलावर गाडी थांबवली. पाऊस मी म्हणत होता. मायची राख भिजू नये म्हणून त्याने फडक्यातलं गाठोडं प्लास्टिकच्या पिशवीत घातलं होतं आणि वरून आपली गाठ मारली होती. हात जोडले, आणि पिशवीसकट सोडली खाली. तोंड वाकडं करू नका. आपल्या घरचं निर्माल्यही तसंच जातं, त्याच पुलावरून.

माघात तो कापूस घेऊन आंध्रात समुद्रकाठी गेला. तिथे वाळूवर परातीएवढं कासव मरून पडलेलं. कशाने मेलं ते बघायला डॉक्टरने पोट फाडलं, तर आत पिशव्याच पिशव्या. पाण्यात तरंगणारी पिशवी त्यांना खाणं वाटते म्हणे. आणि पिशव्यांच्या मागे अंडी होती. पांढरी, गोल. घालायची राहून गेलेली.

एका पिशवीची गाठ सुटली नव्हती. नागोरावने ती गाठ पाहिली. मग मनाशी म्हणाला, अशी गाठ काय मी एकटाच मारतो? आणि गाडीत जाऊन बसला.

मग आली मागच्या वर्षीची पिठोरी अमावस्या, पोळ्याची रात्र. नारळ भरून तो घरी निघालेला. बायकोचा, गौरीचा फोन आला, "पुरनपोळी झाकून ठेवली, सावकाश या." रस्त्यात टायर फुटला. पैनगंगेवर पोचला तेव्हा बारा वाजून गेले होते.

पुलाच्या मधोमध एक बाई बसलेली. पाठमोरी. डोक्यावर ताट.

त्याने हॉर्न दिला. ती हलली नाही. लुगड्यातून पाणी गळत होतं. पाऊस नव्हता. केबिनमध्ये वास आला... त्या वाळूवरचा.

"अतीत कोन?"

पिठोरीला आई वाण डोक्यावर घेऊन, मागे न बघता विचारते ना, ते. लेकराने मागून "मी" म्हणायचं आणि वाण उचलायचं. पन्नाशीचा झाला तरी नागोराव दरवर्षी म्हणत आला होता. आवाज तोच होता.

त्याने खिडकीची काच वर घेतली.

"अतीत कोन?"

तिसऱ्यांदा आवाज रडवेला झाला. भीती तर होतीच, पोरांनो. पण माय रडते म्हटल्यावर माणूस किती वेळ गाडीत बसेल? तो उतरला. तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

"मी, माय. नागो."

"ओयखली होती ना रे गाठ?"

"हो."

"मंग काहून सोडून आला मले तिथं? भिजू नये म्हनून बांधलं तू. लेकरा, भिजायलेच तं निघालती मी. माह्यं जाऊ दे. त्या कासवाले काय मालूम? खायचं म्हनून गिळलं. तेही मायच होती रे..."

त्याने वाण उचललं. ताटात पिशवी. गाठ तशीच. बोटांनी सुटेना. दातांनी सोडली. तोंडभर मीठ झालं. तो काठाला उतरला, फडकं उलगडलं. राख पाण्यात गेली.

वर पाहिलं. पुलावर कोणी नव्हतं.

तिथेच बसून तो लहान पोरासारखा रडला. मायसाठी रडला, आणि मला म्हणाला, खरं सांगू, त्या कासवासाठी जास्त रडलो.

उजाडता उजाडता गाडी दारात लागली. गौरी डबा काढायला केबिनमध्ये चढली आणि तिथेच थबकली. सीटवर ओली वाळू होती. त्यात एक अंडं. पांढरं, गोल.

नागोरावने ते घमेल्यात, त्याच वाळूत पुरलं आहे. रोज मिठाचं पाणी शिंपडतो. वर्ष होत आलं. ना फुटलं, ना सडलं. परवा मी त्याला म्हटलं, अरे, आता काय निघणार त्यातून?

"काही नाही निघनार, मालूम हाये मले," तो म्हणाला. "पन मायनं देलेलं वाण हाये, काका. टाकू कुठं?"