चाळीसास पन्नास

तो आला होता शेजारच्या दुकानात, चष्म्याची मोडलेली दांडी बसवून घ्यायला. चष्म्याविना दार चुकला आणि अकॉर्डियन दुरुस्त करणाऱ्या बापलेकीच्या दुकानात शिरला. पुढच्या आठवड्यात मात्र मुद्दाम आला… चष्मा लावून, अकॉर्डियन घेऊन!

बाबा लेकीला ‘कानस’ म्हणत. ती हातातही असायची आणि जिभेवरही. त्याचं नाव त्यांनी ठेवलं ‘अपूर्णांक’, कारण मागण्याच तशा. एक सूर चारदा थरथरतो तेवढ्यात दुसऱ्याने पाचदा थरथरावं, म्हणजे दोघे कसे गुण्यागोविंदाने नांदतात. ह्याला ते चारास पाचाचं साधं नातं नको! ह्याला हवं अकरास चौदा.

“चांगलं सरळ चाललंय, ते वाकडं कशाला करायचं?” तिने विचारलं होतं.

“सरळ आहे, ते लगेच गप्प बसतं हो. हे ऐका… जरा कुरबुरतं, पण जिवंत वाटतं ना?”

तिने ऐकलं. अंगावर शहारा आला, तो सुरामुळे की… जाऊ दे.

मग दर आठवड्याला एक साधं नातं मोडून अवघड बसवायचं, हा दोघांचा उद्योगच झाला. ती अकॉर्डियनमधल्या सूर देणाऱ्या पोलादी पट्ट्या कानसेने घासायची. तो मान तिरकी करून ऐकायचा आणि बघायचा मात्र तिच्याकडे. आज शेवटची पट्टी होती. काम संपलं की हा कशाला इकडे फिरकतोय? तिने मुद्दाम हात सावकाश चालवला. पण एवढीशी पट्टी, घासून घासून किती घासणार!

“झालं,” ती म्हणाली. कानस पुसायला घेतली.

“नाही… म्हणजे, तो पहिला सूर परत बदलू या. चाळीसास… चाळीसास पन्नास!”

तिचा हात थांबला. “अहो, चाळीसास पन्नास म्हणजे चारास पाचच की! तेच मोडायला मी एवढा जीव आटवला!”

त्याचे कान लालबुंद झाले. बाहेर पाऊस टपटपत होता. आतल्या खोलीत बाबा खोकले.

“आकडे संपले माझे,” तो पुटपुटला. “आणि इथे यायला दुसरं निमित्त… सुचेना. आवडता तुम्ही मला. फार.”

तिला इतकं हायसं वाटलं की हसूच फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. “मला वाटलं, आता काही तुम्ही यायचे नाही…”

“मग… उद्या येऊ?”

“ये. पण वाद्य आणू नकोस.”

‘या’चं ‘ये’ झालं होतं. चूक तिच्या लगेच लक्षात आली. पण तिने ती दुरुस्त केली नाही.