बोटीवरचा दसरा

"काळी माझी!" भटू ओरडला.

"दोन्ही काळ्याच आहेत, वेड्या!" पुष्पा म्हणाली.

"मग उजवीकडची काळी माझी!" असं म्हणून भटूनं सीटवर टांगही टाकली.

जळगावात नानांच्या सायकलीच्या दुकानात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. १९४६ सालची दिवाळीची सुटी. लढाई संपून वर्ष झालं, तरी कोरी सायकल कुठं डोळ्यांना दिसत नव्हती आणि इथं दोन-दोन उभ्या! गिऱ्हाइकं कमी, बघे जास्त. त्यातही सायकलींपेक्षा पुष्पाकडे बघणारेच जास्त. चौदा वर्षांची मुलगी सायकल चालवणार हे ऐकून काहींच्या मिशा थरथरत होत्या. थरथरू देत!

पुष्पा आणि भटू थेट आफ्रिकेतून, नैरोबीहून आले होते. त्यांचे वडील खेमाकाका म्हणजे नानांचे लंगोटीमित्र. भुसावळच्या रेल्वेतून तिकडच्या रेल्वेत गेले आणि आता लांब रजेवर घरी आले होते. पोरांना सायकली घ्यायच्या होत्या. भुसावळात दुकानं नव्हती का? होती. पण खेमाकाका म्हणाले, "घेणार तर माझ्या दोस्ताकडूनच!"

हे वाक्य ऐकल्यापासून नानांचा मुलगा अभिमन छाती काढून चालत होता.

"आमच्याकडे खोटं काम नाही," तो पुष्पाला दहाव्यांदा सांगत होता. "अस्सल विलायती माल!"

"दादा, जरा हवा काढ. ट्यूब फुटेल!" त्याची धाकटी बहीण इंदिरा म्हणाली.

माल आणला होता झुलालशेठनं. तो बाकावर बसून बशीतून चहा ओढत होता. "काल मुंबईच्या गाडीनं पेटी उतरली. खिळे मी स्वतः काढले! साहेबाच्या हातानंतर माझाच हात!"

बघ्यांनी माना डोलावल्या. कालपर्यंत हीच माणसं चौकात 'साहेब चालते व्हा' म्हणून घसा फोडत होती. सायकल मात्र साहेबाच्याच हातची हवी!

"खेमा, नीट तपासून घे," नाना म्हणाले.

"तुझ्या दुकानात तपासू? लोक काय म्हणतील मला! नारळ आण."

त्या दुकानाची रीतच होती. सायकलीपुढे नारळ फुटला की सौदा पक्का. मग माल परत नाही, तक्रार नाही, आणि दोस्तीत तर अवाक्षरही नाही. नानांनी माणूस नारळाला पाठवला.

"अभिमन, माझी सीट थोडी वर कर ना," पुष्पा म्हणाली.

अभिमननं पाना घेतला आणि डावीकडच्या सायकलीपाशी बसला. सीटखालच्या स्प्रिंगांत काहीतरी लाल दिसलं. त्यानं बोट फिरवलं. कुंकू! कुंकवाला चिकटलेले दोन तांदूळ आणि झेंडूची एक सुकी पाकळी.

ही सायकल कुणीतरी पुजली होती. कुणाच्या तरी दारात, दसऱ्याला, घरच्या माणसासारखी!

तो उठून नानांच्या कानाशी गेला. "नाना, सीटखाली कुंकू आहे. अक्षतापण. ती सायकल—"

नाना हळदीची पुडी सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही. "दुकानात कुंकू असायचंच. पुसून टाक."

"पण तुम्ही एकदा बघा तरी!"

"पुसून टाक म्हटलं ना!"

बघितलं असतं तर कळलं असतं. म्हणून तर बघितलं नाही! मोठ्या माणसांची ही युक्ती पोरांना फार लवकर समजते.

अभिमननं फडकं घेतलं आणि पुसलं. कोपरा न् कोपरा पुसला. उठला तर समोर इंदिरा कमरेवर हात ठेवून उभी!

"काय पुसत होतास?"

"गंज."

"कोऱ्या सायकलीला गंज?"

तेवढ्यात भटू किंचाळला, "ताई, माझं बोट लाल झालं!" त्यानं आपल्या सीटखाली बोट खुपसलं होतं.

"तोही गंजच असेल," पुष्पा म्हणाली.

"हापाना!" भटूनं नैरोबीच्या बोलीत 'नाही' म्हणत जोरजोरानं मान हलवली. "गंज नाही! आईच्या करंड्यात असतं ते आहे!"

पुष्पानं अभिमनकडे बघितलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "बाबा बोटीवर सगळ्यांना सांगत होते. माझ्या दोस्ताच्या दुकानात माल उलटून बघावा लागत नाही म्हणून."

अभिमनला वाटलं, आपल्या चेहऱ्यावर कुणीतरी तेच फडकं फिरवलं. आठवडाभर केलेली बढाई आता त्यालाच खिळ्यासारखी रुतली. बोलावं तर बापाची अब्रू चारचौघांत जाणार. गप्प बसावं तर? अब्रू तर आत्ताच गेली होती, फक्त लोकांना ठाऊक नव्हतं.

"नारळ आला!" कुणीतरी ओरडलं.

"दादा, शेठला बोलतं कर," इंदिरा कुजबुजली. "त्याच्याच तोंडून निघू दे. दसरा विचार!"

अभिमन पुढे झाला. "झुलालशेठ, दसऱ्याच्या दिवशी या सायकली कुठं होत्या हो?"

"कुठं म्हणजे? बोटीत! भर समुद्रात!" शेठ हसला. बघेही हसले.

"पेटी बंद होती?"

"खिळेबंद! मुंगी शिरली नसेल!"

"मग बोटीवरच्या साहेबांनी दसरा केला का? त्यांच्या मडमेनं सायकलीला कुंकू लावलं का?"

हसू थांबलं. अभिमननं भटूला खाली उतरवलं, पान्यानं सीट सोडवली आणि सगळ्यांसमोर उलटी धरली. कुंकू, तांदूळ आणि पाकळ्या!

गर्दीतला एक पागोटेवाला शेतकरी वाकला. "अरे, हाई ते दसरानं कुकू शे!"

"रंग बघा, रंग!" इंदिरानं नाण्यानं नळी खरवडली. काळ्याखालून हिरवा रंग निघाला.

झुलालशेठ दाराकडे सरकला. भटूनं त्याच्या वाटेत पंपच आडवा टाकला! शेठ पालथा पडला आणि शेतकऱ्यानं त्याचं मनगट धरलं. "बठ्ठी लबाडी शे! मना भाऊनी बी आठेच लिधी सायकल!" त्याच्या भावानंही शेठच्या आधीच्या मालातली सायकल इथूनच घेतली होती.

पोलीस येईपर्यंत शेठनं सगळं ओकून टाकलं. धुळ्याच्या चोरांकडून सायकली घ्यायच्या, काळा रंग फासायचा, पेटीत घालून कोऱ्या म्हणून विकायच्या. घरोघरी पुजलेल्या सायकली रंगवताना सीट उलटून बघायचं तेवढं राहून गेलं!

"शाबास रे पठ्ठ्या!" खेमाकाकांनी अभिमनच्या पाठीवर थाप मारली. फौजदारानंही 'हुशार पोरं' म्हटलं. इतका वेळ मिशा थरथरवणारा एक म्हातारा इंदिरा-पुष्पाला "वाघिणी!" म्हणाला.

अभिमनचे कान तापले. "काका, शाबासकी यांना द्या. डाव्या सायकलीवर पण कुंकू होतं. मी ते पुसलं."

खेमाकाकांचा हात पाठीवरच थांबला.

"त्यानं नाही पुसलं," मागून नाना म्हणाले. "मी पुसायला लावलं. पोरगं बघा म्हणत होतं, मी मान वर केली नाही." मग ते शेतकऱ्याकडे वळले. "भाऊ, तुझ्या भावाला सायकल घेऊन येऊ दे. ज्यांनी ज्यांनी नेली, त्या सगळ्यांना सांग. मीच चूक केली, मीच निस्तरतो."

फुटायचा राहिलेला नारळ भटूच्या हातात होता.

शेवटी खेमाकाका म्हणाले, "नाना, तुझी मान आज तुझ्या पोरानं वर केली."

ही शाबासकी बापलेकांनी मिळून घेतली. दोघंही खाली बघत होते.